तुलनेच्या गटाला कोणी विचारले?

सहावी-सातवीच्या वर्गात हा प्रयोग आपण सगळ्यांनीच कधी ना कधी करून घेतलेला असतो. दोन कुंड्या घ्यायच्या. माती एकाच ढिगातली, बिया एकाच पुडीतल्या, पाणी मोजून सारखे. एका कुंडीत शेणखत घालायचे, दुसरीत नाही. महिन्याभराने दोन्ही शेजारी ठेवून पाहायच्या. खताचा परिणाम सांगते ती खरे तर दुसरी कुंडी. ती नसेल तर रोप खतामुळे वाढले, की ते एरवीही तेवढेच वाढले असते, हे कळायला मार्ग नाही. मुलांना हे पटायला वेळ लागतो. पण एकदा पटले की विज्ञानाच्या पद्धतीचा निम्मा गाभा हाती आला म्हणायला हरकत नाही. एखादे पोर मात्र विचारते, "बाई, त्या दुसरीला का नाही घातलं खत?" वर्ग हसतो आणि आपणही हसून पुढे जातो.

कुंडीच्या जागी माणूस आला की हा प्रश्न हसण्यावारी नेता येत नाही. औषधांच्या किंवा रोगतपासणीच्या चाचण्यांत दुसऱ्या कुंडीच्या जागी माणसांचा एक गट असतो. त्याला आपण या लेखापुरते तुलनागट म्हणू. आजचा सर्वमान्य नियम असा की चाचणीत सामील होणाऱ्याने सगळे समजून घेऊन, स्वतःच्या मर्जीने संमती द्यावी. नवे औषध मिळणाऱ्याने कशाला संमती द्यायची हे सांगणे त्या मानाने सोपे आहे. तुलनागटातल्या माणसाने नेमकी कशाला संमती द्यायची? हा प्रश्न मनात ठेवून आम्ही महाराष्ट्रात झालेल्या दोन मोठ्या चाचण्यांचे निष्कर्ष शेजारी ठेवून वाचले. दोन्हींना जगभर मान मिळाला आणि दोन्हींवर कडक टीकाही झाली. आम्हांला मान आणि टीका दोन्ही काही प्रमाणात बरोबर वाटतात, आणि दोन्हींतून एक गोष्ट निसटली असेही वाटते.

दोन्ही चाचण्या गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविषयी आहेत. बायका याला पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर म्हणतात. हा रोग हळू चालीचा आहे. एचपीव्ही या विषाणूचा संसर्ग दीर्घकाळ टिकून राहिला तर पेशींत बदल होऊ लागतात, आणि त्यांतून कर्करोग उभा राहायला बहुधा दहा-वीस वर्षे जातात. मधल्या काळात बाईला काहीही त्रास नसतो. पण याच काळात बदल सापडले तर ते गोठवून किंवा काढून टाकता येतात आणि कर्करोग टळतो. म्हणून धडधाकट बायकांची तपासणी करायची. तपासण्या मुख्यतः तीन. पेशी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहायच्या, ही पॅप तपासणी. ती पाश्चात्त्य देशांत विसाव्या शतकाच्या मध्यापासून रूढ आहे, पण तिला प्रयोगशाळा आणि पेशी ओळखणारे शिकलेले डोळे लागतात. दुसरी, गर्भाशयमुखाला सौम्य ॲसेटिक आम्ल, म्हणजे आपल्या ओळखीचे व्हिनेगर, लावून मिनिटभराने पाहायचे. बिघडलेला भाग पांढरा दिसतो. ही तपासणी शिकवून तयार केलेली आरोग्यसेविकाही करू शकते. तिसरी, थेट विषाणूची चाचणी.

पहिली चाचणी तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात १९९९ च्या अखेरीस सुरू झाली. मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय, बार्शीचे नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय आणि फ्रान्समधील लियोंची आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी ती केली. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रिया तिच्यात होत्या. गावांचे ५२ समूह करून चिठ्ठ्या टाकाव्यात तसे त्यांचे चार गट पाडले. तीन गटांत एकेक तपासणी, तीही एकदाच, आणि चौथा तुलनागट. चौथ्या गटातल्या स्त्रियांना तपासणी कुठे होऊ शकते याचा तोंडी सल्ला तेवढा होता. आठ वर्षे या सगळ्यांची नोंद ठेवली आणि २००९ साली निष्कर्ष 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये छापून आले. विषाणूचाचणीच्या गटात ३४,१२६ स्त्रिया होत्या, त्यांत या कर्करोगाने ३४ मृत्यू झाले. तुलनागटात ३१,४८८ स्त्रिया आणि ६४ मृत्यू. पॅप आणि व्हिनेगरच्या गटांत मृत्यू थोडे कमी दिसले, पण तो फरक योगायोगाचाही असू शकेल इतका लहान होता.

दुसरी चाचणी १९९८ पासून मुंबईच्या झोपडपट्ट्यांत झाली, अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेच्या पैशावर. इथे वस्त्यांचे २० समूह केले. दहांतल्या ७५,३६० स्त्रियांची दर दोन वर्षांनी, चार वेळा, व्हिनेगरची तपासणी झाली. उरलेल्या दहांतल्या ७६,१७८ स्त्रियांना सुरुवातीला एकदा रोगाची माहिती देण्यात आली. बारा वर्षांच्या नोंदींनंतर तपासलेल्या गटात या कर्करोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी भरले.

एवढ्या प्रचंड संख्या कशासाठी, असे वाचकाला वाटेल. उस्मानाबादच्या तुलनागटात आठ वर्षांत कर्करोग आढळला तो ११८ जणींना. म्हणजे हजारात चार जणींनाही नाही. हजार-दोन हजार बायकांची चाचणी केली असती तर दोन्ही गटांत चार-दोन मृत्यू पडले असते आणि त्यांवरून काहीच म्हणता आले नसते. विरळ घटनेतला फरक पाहायचा तर गट मोठे हवेत आणि वाट पुष्कळ पाहायला हवी. लाखाच्या घरातल्या, बहुतांशी कष्टकरी, अनेक निरक्षर अशा बायकांना प्रत्येकीला बसवून चाचणी म्हणजे काय हे समजावणे, हे काम तपासणीपेक्षा अवघड आहे. घरोघर जाणाऱ्या आरोग्यसेविकेला दिवसाला किती घरे करायची असतात, हे जनगणनेला गेलेल्या शिक्षकांना वेगळे सांगायला नको.

आता टीका. अमेरिकेतले पॅथॉलॉजिस्ट डॉ. एरिक सुबा यांनी आपल्या सरकारकडे तक्रार केली आणि पुढे २०१४ साली भारतातल्याच वैद्यकीय नीतिशास्त्राच्या नियतकालिकात तिची मांडणी केली. त्यांचे म्हणणे असे : तपासणीने हा कर्करोग टळतो हे जगाला कित्येक दशके माहीत होते. मग सव्वा लाखाहून अधिक बायकांना न तपासता त्यांचे मृत्यू मोजायचे कारण काय? उस्मानाबाद, मुंबई आणि तमिळनाडूतील दिंडिगल येथील तिसरी चाचणी मिळून तुलनागटांत किमान २५४ मृत्यू झाल्याचे त्यांनी दाखवले. अमेरिकी सरकारच्या मानवी संशोधनावर देखरेख ठेवणाऱ्या कार्यालयानेही मुंबईतल्या स्त्रियांना संमतीसाठी पुरेशी माहिती मिळाली नव्हती, असा निर्णय दिला.

संशोधकांची बाजू अशी की भारतात तेव्हा अशी संघटित तपासणी कुठे होतीच नाही. तुलनागटाला जे मिळाले ते त्या बाईला एरवी मिळाले असते तेवढेच, त्याहून कमी नाही. पॅप तपासणी खेडोपाडी चालवणे आपल्याला झेपणारे नव्हते. म्हणून झेपेल असे साधन शोधायचे, आणि ते खरेच उपयोगी पडते का हे सिद्ध करायचे.

हा वाद फक्त या चाचण्यांपुरता नाही. गरोदर मातेकडून बाळाला एड्सचा विषाणू जाणे झिडोवुडिन या औषधाने पुष्कळ कमी होते, हे १९९४ साली कळले होते. तरीही पुढे आफ्रिकेत आणि थायलंडमध्ये निम्म्या मातांना औषधाच्या नावाखाली निरुपद्रवी गोळी देऊन चाचण्या झाल्या आणि १९९७ साली त्यांवर वादळ उठले. बचाव तोच : तिथे ते औषध मिळतच नव्हते. जागतिक वैद्यकीय संघटनेने आपल्या हेलसिंकी जाहीरनाम्यात २००० साली दुरुस्ती केली, की नवे साधन हे उपलब्ध असलेल्या सर्वोत्तम साधनाशी ताडून पाहावे. दोनच वर्षांत त्या वाक्याला खुलासा जोडावा लागला, की शास्त्रीय कारण सबळ असेल तर अपवाद चालेल. सर्वोत्तम म्हणजे कुठले सर्वोत्तम, बोस्टनचे की बार्शीचे, हा प्रश्न त्यामुळे सुटला असे आम्हांला वाटत नाही.

टीकाकारांचे सगळेच आम्हांला मान्य नाही. २५४ हा तुलनागटातल्या एकूण मृत्यूंचा आकडा आहे. तपासणी झाली असती तर हे सगळे टळले असते असा त्याचा अर्थ होत नाही. उस्मानाबादपुरते साधे त्रैराशिक मांडून पाहा. ३४,१२६ जणींत ३४ मृत्यू, तर ३१,४८८ जणींत किती? सुमारे ३१. प्रत्यक्षात झाले ६४. म्हणजे एका विषाणूचाचणीने टळू शकले असते असे तेहतीसएक मृत्यू. आणि ज्या पॅप तपासणीवरून एवढा गहजब झाला, तिचा एकदाच केलेला उपयोग त्या जिल्ह्यात मृत्यू ठळकपणे कमी करू शकला नाही. कागदावर "माहीत होते" आणि उस्मानाबादच्या गावांत "माहीत होते" यांत अंतर होते, हे चाचणीनेच दाखवून दिले. व्हिनेगरची तपासणी तर एका ठिकाणी उतरली नाही, दुसऱ्या ठिकाणी उतरली. कोणालाच उत्तर ठाऊक नव्हते, हा संशोधकांचा दावा त्या मर्यादेत खरा आहे.

पण हे तेहतीस जणींचे गणित आपण कोणाच्या जिवावर मांडू शकलो? आणि त्या ३१,४८८ जणींना हे गणित त्यांच्यावर मांडले जाणार आहे याची किती कल्पना होती? इथे संशोधकांचा बचाव आम्हांला लंगडा वाटतो. "एरवी मिळाले असते तेवढेच मिळाले" हे बाईच्या परिस्थितीचे वर्णन झाले, तिच्या संमतीचे नव्हे. एरवी तिच्या दारात वही घेऊन कोणी येत नव्हते. आता येऊ लागले. नाव, वय, बाळंतपणे विचारून गेले, अंगठा किंवा सही घेऊन गेले. दवाखान्याच्या माणसांनी आपली नोंद केली, म्हणजे आपल्याकडे लक्ष आहे, असे तिला वाटले असेल तर त्यात तिची चूक काय? अमेरिकेतले मानसोपचारतज्ज्ञ पॉल ॲपलबाम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२ साली दाखवून दिले की चांगले शिकलेले रुग्णसुद्धा संशोधनाला उपचारच समजतात; आपल्यासाठी जे योग्य तेच डॉक्टर निवडतील, चिठ्ठी टाकून निवडणार नाहीत, अशी त्यांची खात्री असते. तुलनागटात हा गैरसमज आणखी घातक, कारण तिथे नोंदीखेरीज काही घडतच नाही.

दोन्ही चाचण्यांत चिठ्ठी एकेका बाईची न टाकता गावाची किंवा वस्तीची टाकली. याला सबळ कारण आहे. एकाच गल्लीतल्या एकीला तपासले आणि शेजारणीला नाही, तर धुणे धुताना गोष्ट निघायचीच, आणि शेजारीण दुसऱ्या दिवशी दवाखान्यात हजर. मग तुलना कसली राहिली? म्हणून आख्खे गावच एका बाजूला टाकायचे. हे जरा सावकाश वाचावे. ही रचना निवडली जाते तीच मुळी माहिती बायकांबायकांत पसरू नये म्हणून. आणि संमती म्हणजे तर माहिती पोचवणे. शिवाय चिठ्ठी निघते तेव्हा बाईला अजून कोणी भेटलेलेही नसते. तिच्या गावाचे काय होणार हे ठरल्यावर तिच्याकडे कागद येतो. ती तपासणीला नाही म्हणू शकते, प्रश्नांना नाही म्हणू शकते; चिठ्ठीला नाही म्हणण्याची सोयच नाही. अशा समूहचाचण्यांच्या नीतीवर 'ओटावा निवेदन' म्हणून ओळखली जाणारी तत्त्वे आली ती २०१२ साली, आपल्या चाचण्या सुरू होऊन डझनभर वर्षे उलटल्यावर. गावातल्या प्रमुखाची परवानगी ही बाईची संमती ठरत नाही, असे त्यांत म्हटले आहे.

आमच्या मते तुलनागटातल्या बाईला साधारण असे सांगायला हवे होते : "ताई, पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर लवकर ओळखायच्या तपासण्या आहेत. मोठ्या शहरांत, परदेशांत त्या होतात. इकडच्या गावांत त्यांतली कुठली उपयोगी पडेल हे आम्हांला माहीत नाही. ते शोधायला आम्ही काही गावांत तपासणी करतोय आणि काही गावांत नाही. तुमच्या गावाची चिठ्ठी 'नाही'ची निघाली. इथं किती जणींना हा आजार होतो, किती दगावतात, हे आम्ही आठ वर्षं लिहून ठेवणार. आमच्या येण्याजाण्यानं तुमची तपासणी झाली असं समजू नका. तुम्हांला तपासून घ्यायचं असेल तर अमक्या दवाखान्यात जा, आम्ही अडवणार नाही. लिहून घ्यायलाही तुम्ही नाही म्हणू शकता."

यात कठीण शब्द एकही नाही. निरक्षरतेची सबब इथे चालत नाही. अडचण वेगळीच आहे. हे असे ऐकल्यावर बऱ्याच बायका पुढच्या एस. टी.ने तालुक्याला जातील, आणि जेवढ्या जातील तेवढी तुलना पुसट होत जाईल. म्हणजे खरे नीट सांगणे आणि चाचणी नीट पार पडणे यांत ताण आहे. तो संशोधकांच्या वाईट हेतूतून आलेला नाही, रचनेतच आहे. म्हणूनच काय सांगायचे हे ज्यांची चाचणी आहे त्यांच्यावरच सोडता येत नाही. मुंबईच्या निष्कर्षांतली एक बाब आम्हांला या संदर्भात बोलकी वाटली. कर्करोग सापडल्यावर उपचार पुरा करणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण तपासणीगटात ८६ टक्के होते, तुलनागटात ७२. औषध तेच, रुग्णालये त्याच शहरातली. आमचा तर्क असा की चार वेळा कोणीतरी येऊन बोलले, याचाही त्यात वाटा असावा.

याच रोगाच्या बाबतीत आपल्याकडे याआधी जे घडले ते पाहता ही चिकित्सा किरकोळ वाटू नये. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या दिल्लीतील एका अभ्यासात १९७६ ते १९८८ या काळात पेशीबदल आढळलेल्या सुमारे अकराशे स्त्रियांना, रोग कसा वाढतो हे पाहण्यासाठी, उपचाराविना निरीक्षणाखाली ठेवले होते. १९९७ साली हे प्रकरण बाहेर आले तेव्हा उत्तर मिळाले, की बायका निरक्षर असल्याने तोंडी संमती घेतली होती आणि लेखी संमतीची तेव्हा सक्ती नव्हती. न्यूझीलंडमध्ये ऑकलंडच्या रुग्णालयात १९६६ पासून असाच प्रकार झाला होता. तिथे १९८७ साली एका मासिकातल्या लेखाने तो उघडकीला आणला आणि न्यायालयीन चौकशी झाली. त्या दोन्ही ठिकाणी बदल दिसत असताना गप्प राहिले. उस्मानाबाद आणि मुंबईत तसे झाले नाही, तिथे ज्यांच्यात बिघाड सापडला त्यांना उपचार मिळाले. हा फरक मोठा आहे आणि टीका करताना तो झाकू नये.

नियम आता पुष्कळ झाले आहेत. परिषदेची मार्गदर्शक तत्त्वे २००० साली आली, २०१७ साली ती सुधारली. नव्या औषधांच्या चाचण्यांसाठी २०१९ चे नियम आहेत. निरक्षर व्यक्तीच्या संमतीला तटस्थ साक्षीदार लागतो, आणि काही चाचण्यांत दुर्बल गटांतल्या व्यक्तींच्या संमतीचे चित्रीकरण करून ठेवावे लागते. चित्रीकरणात बाई मान हलवताना दिसते. तिला काय समजले हे दिसायला तिलाच तिच्या शब्दांत परत सांगायला लावावे लागते. शिक्षकांना यात नवे काही नाही. "समजलं का?" विचारले की सगळा वर्ग "हो" म्हणतो, हे आपण रोज पाहतो.

आणखी एक गोष्ट मनातून जात नाही. उस्मानाबादेत सरस ठरली विषाणूचाचणी. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२१ च्या शिफारशींत तिलाच पहिली पसंती दिली. आपल्या आरोग्य मंत्रालयाने २०१६ साली तीस वर्षांवरील स्त्रियांसाठी पाच वर्षांतून एकदा व्हिनेगरची तपासणी सुचवली, कारण ती स्वस्त आहे. तेही समजण्यासारखे आहे. पण २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात ३० ते ४९ वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी या कर्करोगासाठी कधीही तपासणी झालेल्या दोन टक्केसुद्धा भरल्या नाहीत. झेपणारे साधन शोधण्यासाठी तुलनागट हवा, असे सांगून जे ज्ञान मिळवले, ते मिळून दहा वर्षे झाल्यानंतरचा हा आकडा आहे.

वर्गात हा विषय घ्यायचा तर कर्करोगापासून सुरुवात करायची गरज नाही. नववी-दहावीच्या मुलांना एक काल्पनिक चाचणी द्यावी : शाळेच्या दोन तुकड्यांपैकी एकीला वर्षभर लोहाच्या गोळ्या, दुसरीला नाही, आणि वर्षाअखेरीस दोघींचे रक्त तपासायचे. तुकडी चिठ्ठी टाकून ठरेल. आता ज्या तुकडीला गोळ्या मिळणार नाहीत तिच्यासाठी माहितीपत्रक लिहा, पंधरा ओळींत, चुलत भावंडाला समजेल अशा भाषेत. एका शिबिरात आम्ही शिक्षकांकडूनच हे करून घेतले. बहुतेकांनी रक्त काढताना किती दुखेल ते व्यवस्थित लिहिले, नाव गुप्त राहील असे लिहिले. तुम्हांला गोळ्या मिळणार नाहीत, हे वाक्य तिसांपैकी अकरा कागदांवर होते. वर्ष संपल्यावर या तुकडीला गोळ्या द्यायच्या की नाही, आणि कोणी द्यायच्या, हे लिहिणारी एकच बाई निघाली. कोणाला किती रक्तक्षय आधीपासून आहे हे पहिल्याच दिवशी तपासून ज्यांना फार आहे त्यांना बाजूला काढा, अशी तळटीपही तिने जोडली होती.